सतरंजीची डावी बाजू

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पोरी बघायचा हंगाम सुरू होतो. शेतात कपाशी फुटलेली असते, तूर फुलावर आलेली असते, सकाळच्या उन्हात बसावंसं वाटू लागतं आणि रस्त्यानं इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं एका गाडीत दाटीवाटीनं बसून कुठंतरी निघालेली दिसतात. कुठं चाललात असं त्यांना कुणी विचारत नाही. विचारलं तर काम फिसकटतं म्हणतात. यंदा तशा एका गाडीत आम्ही होतो. अंबडच्या अलीकडच्या एका गावात माझ्या मुलासाठी, निखिलसाठी, मुलगी बघून आलो. आता निरोपाची वाट बघतो आहोत. खरं तर निरोप मुलाकडच्यांनी द्यायचा असतो, तशीच रीत आहे. पण या वेळी तो तिकडून यायचा आहे, आणि तो का यायचा आहे हे मला माहीत आहे. म्हणून फोन वाजला की मला आधी लाज वाटते आणि मग मी तो उचलते.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. मी रांगत होते तेव्हा मोठा ताप आला, तो उतरला आणि जाताना पायाची वाढ घेऊन गेला, असं माय सांगायची. फार काही नाही. उभी राहिले तर कळत नाही, बसले तर मुळीच नाही. चालले की मात्र डावीकडे झुकते. लहानपणी याचं मला काही वाटत नव्हतं, कारण आमच्या शाळेत लंगडीचा खेळ जोरात होता. लंगडीत सगळ्यांनाच एका पायावर यावं लागतं, आणि माझा उजवा पाय दोघांचं काम करून तयार झालेला. मी भल्याभल्या पोरांना लंगडी घालत गाठून बाद केलेलं आहे. खेळ संपला की सगळे दोन पायांवर येत आणि घरी जात. मी पण जायची, जरा मागून.

पुढे मी शिकले आणि फिजिओथेरपिस्ट झाले. जालन्याच्या एका केंद्रात आता माझं आयुष्य माणसांची हालचाल तपासण्यात जातं. मान न धरणारी तान्ही बाळं येतात, पक्षाघात झालेले आजोबा येतात, आणि मधल्या वयाचे सगळे येतात. बाळ पालथं पडतं का, आधाराशिवाय बसतं का, उंबरठा ओलांडताना आधी कुठला गुडघा टाकतं, हे मी बघते. शाळेच्या वयाच्या पोरांना लंगडी घालायला लावते. खाली सांडलेला शेंगदाणा चिमटीत धरता येतो की मुठीत, यावरून बोटांचं बरंच काही कळतं. बाईचा हात आखडला असेल तर मी तिला परातीत मळलेल्या पिठाची भाकरी थापायला सांगते. दोन्ही हात एकमेकांचं ऐकतात की नाही, ते त्या थापण्यात लगेच दिसतं. म्हाताऱ्यांना म्हणते, आजोबा, हात न टेकवता उठा. ते आधी हसतात, मग उठून बघतात, मग हसत नाहीत.

आणि सगळ्यांना चालायला लावते. भिंतीपर्यंत जा आणि परत या. हाताखाली शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना मी शिकवते की जाताना बघू नका. जाताना माणूस सावध असतो, आपण बघतो आहोत हे त्याला माहीत असतं. वळताना बघा, परत येताना बघा. खरी चाल परतीला दिसते.

हे मला पुस्तकानं शिकवलं असं त्या मुलींना वाटतं.

माझं माहेर भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या जवळ. मला बघायला पाहुणे येऊ लागले तो हंगाम अजून माझ्या अंगात आहे. दिवाळी झाली होती आणि कपाशी इतकी फुटली होती की वेचायला माणसं पुरत नव्हती. मी वेचणीला जायचा हट्ट धरायची. माय म्हणायची, ऊन लागंल, रंग जाईल, पाव्हणे येऊन राह्यले. मला रंगाचं काही नव्हतं. आमची कपाशी कमरेच्या वर होती. त्या ओळीत शिरलं की माझं कमरेखालचं कुणाला दिसत नसे. बोंडाच्या टोकांनी बोटं खरचटायची, कमरेला बांधलेली ओटी कापसानं फुगत जायची, आणि मी मन मानेल तशी झुकत, ओढत, मोकळी चालायची. पूर्ण गावात मला निर्धास्त चालता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

माय ते ओळखून होती. संध्याकाळी बाया घरी गेल्या की तीच मला बांधावर थांबवायची. "चाल इथून तिथवर. ढांगा टाकू नको. बारीक बारीक टाक. अन् खाली बघू नको, खाली बघितलं की सगळे खालीच बघत्यात." मी चालायची. ती बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून डोळे बारीक करून बघायची. जमलं की काही बोलायची नाही, फक्त पदरानं तोंड पुसायची. आज मी केंद्रात बाळांच्या आयांना हेच सांगते, रोज थोडा सराव घ्या, चुकलं तर रागावू नका. माय एकदाही रागावली नव्हती.

तेव्हाचे पाहुणे कमी कसलेले नव्हते. सुईत दोरा ओवायला लावायचे, म्हणजे नजर आणि बोटं. नाव लिहायला लावायचे, म्हणजे हात आणि अक्षर. भरलेल्या कपांचा ट्रे आणायला लावायचे, म्हणजे तोल. काहीतरी विचारून बोलायला लावायचे, म्हणजे जीभ. आणि शेवटी कुणीतरी म्हातारं माणूस सहज म्हटल्यासारखं म्हणायचं, "पोरी, जरा चालून दाखव." मी पगार घेऊन जे करते, ते सगळं त्यांचं आमच्या ओसरीवर चहाच्या बदल्यात करून झालेलं आहे. फरक एवढाच की मी तपासते ते बरं करायला. निदान मला तसं वाटत आलं.

चालून दाखवण्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तोड काढली. चपलेत जाड तळ घालता आला असता, पण पाहुण्यांसमोर अनवाणीच जावं लागतं. दादांनी दोन दिवस विचार केला आणि सतरंजीखाली बारदाना घातला. पोत्याची व्यवस्थित घडी, बरोबर दोन बोटं जाड, स्वयंपाकघराच्या दारापासून पाहुण्यांच्या बैठकीपर्यंत, फक्त डाव्या बाजूला. वरून सतरंजी ताणून बसवली. मला म्हणाले, "चाल."

मी चालले. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही खांदे एका रेषेत होते. माय रडायला लागली. दादा चूल पेटवायला बसल्यासारखे उकिडवे बसून माझ्या पावलांकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी पुन्हा पुन्हा दारातून बैठकीपर्यंत चालून दाखवलं. दर वेळी सतरंजी सोडून कडेच्या जमिनीवरून पळत दाराशी जायचे आणि पुन्हा चालत यायचे. परत चालत जायचं आमच्या तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पाहुणे आले. मी ट्रे घेऊन सरळ चालत गेले. नाव सांगितलं, दोरा ओवला. मग एक आजोबा म्हणाले, "बरं हाय. आता परत जाऊन दाखव, पोरी."

मी वळले. आता जाड बाजू उजव्या पायाखाली होती आणि आखूड पाय खाली जमिनीलगत. मूळची दोन बोटं होती, तिथं चार झाली. मी इतकी झुकले की ट्रेमधला एक कप घरंगळला. मागं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एक बाई फक्त "अगं बाई" म्हणाल्या, अगदी हळू, कीव आल्यासारख्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्याला टेकून उभी राहिले. बाहेर दादा पाहुण्यांना पुन्हा पुन्हा पोह्यांचा आग्रह करत होते, आणि त्यांचा तो आवाज ऐकून मला माझ्या पायापेक्षा जास्त लाज वाटली.

त्यानंतर मला आधीच बसवून ठेवायचं ठरलं. पाहुणे यायच्या आत मी पाटावर, पदर सारखा करून. असंच एक स्थळ आलं. मुलगा गप्प होता, सगळं त्याचे मामा बोलत होते. मुलगा लाजाळू आहे असं मामा म्हणाले, आणि मुलगी सालस आहे असं आमचे दादा म्हणाले. लग्न झालं. सप्तपदीच्या बारीक पावलांत आणि शालूच्या घोळात पाय कुणाला दिसला नाही. पूजेच्या दिवशी ह्यांनी पाणी मागितलं, "पा... पा... पाणी" असं, आणि मी ते आणायला उठले. दोघांचंही एकदमच उघडं पडलं. तिकडून मुलगा बोलला नव्हता, इकडून मुलगी चालली नव्हती. ह्यांना इतकं हसू आलं की पाणी नाकात गेलं. सतरंजीची गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली, ती ह्यांना. ह्यांनी ती निखिलला कधी सांगितली हे मला माहीत नव्हतं.

तर गेल्या आठवड्यात आम्ही निघालो. गाडीत हे, मी आणि माझ्या नणंद, आम्ही त्यांना ताई म्हणतो. निखिल कंपनीतून परस्पर मोटरसायकलवर येणार होता. मी ह्यांना सकाळपासून दोनदा सांगितलं होतं की गाडी अगदी दाराशी लावा आणि वेळेच्या आधी पोहोचू. कारण सांगितलं नाही, ह्यांनीही विचारलं नाही. इतक्या वर्षांत कुठल्याही लग्नात, कार्यक्रमात मी आधी जाऊन बसते. केंद्रात पोलिओ झालेल्या मुलीला मी दरडावून सांगते, मान वर कर, बघू देत लोकांना. आणि मी स्वतः व्याह्यांच्या दारात माणसं जमायच्या आत खुर्ची गाठायला निघाले होते.

घर नवं बांधलेलं, पांढरी फरशी, दारापासून सोफ्यापर्यंत लांब सतरंजी. आतलं दार बाहेरच्या दाराला लागूनच. मुलीचे वडील "या, या" म्हणत होते. मी चालत गेले आणि बसले, आणि मनात म्हटलं, आज बरं जमलं. आज पाय फारसा ओढला नाही. मला खरंच बरं वाटलं.

बसल्यावर सवयीनं मी पाय जरा पुढे सरकवला आणि अंगठा सतरंजीवर टेकला. आत येताना डावीकडे होती त्या बाजूला घडी लागली. जाड. मी दुसऱ्या बाजूला अंगठा टेकून बघितला, तिथं सरळ फरशी. दादांचा बारदाना मी जगात कुठंही ओळखला असता.

माझ्या मनात जे आलं ते असं आलं की हे लोक पोरीचा पाय लपवतात.

दुसरं काही आलंच नाही. ज्या बापाला ही युक्ती सुचली असेल त्याची दया आली नाही. उलट बरं वाटलं, सापडलं असं वाटलं, याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते. मुलगी पोहे घेऊन आली, अश्विनी तिचं नाव, बी.एस्सी. झालेली. तिचं आणि निखिलचं फोनवर बोलणं आधीपासून चालू होतं, दोघं एकमेकांकडे न बघता हसत होते. हल्ली चालून दाखव असं कुणी म्हणत नाही. ताईंच्याही मनात नव्हतं, त्या मोसंबीच्या बागेचं विचारत होत्या. मीच म्हणाले. अगदी गोड आवाजात, केंद्रात बोलते तशा. "बाळा, जरा दारापर्यंत जाऊन ये बघू."

निखिल म्हणाला, "आई, कशाला?" मुलीच्या वडिलांनी खाली बघितलं. अश्विनीनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग सतरंजीकडे. तिला भीती वाटली असं मी समजले. ती उठली आणि चालली. जाताना झुकली.

"परत ये." आली. येताना पण झुकली.

"पुन्हा एकदा."

ती पुन्हा चालली, आणि मी पावलांकडे बघत राहिले. माझ्या हाताखालच्या नव्या मुलीलासुद्धा कळलं असतं. खोट ज्या पायात असते त्याच पायात राहते, माणूस वळलं म्हणून ती दुसऱ्या पायात जात नाही. ही जाताना एका अंगाला झुकत होती आणि येताना दुसऱ्या. दोन धड पाय उंचसखल जागेवरून चालले की असंच होतं. मला ते दिसलं नाही. काय दिसायचं ते मी अंगठा टेकला तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ताईंनाही फक्त झुकणं दिसलं. त्यांनी माझ्या कोपराला हळूच चिमटा काढला.

निघायच्या आधी अश्विनीनं आम्हाला कुंकू लावलं. ताईंच्या पाया पडली, मग माझ्या. वाकलेली असतानाच हळू बोलली, मला एकटीला ऐकू जाईल असं. "काकू, तो बारदाना तुमच्यासाठी टाकला व्हता. निखिलनी सांगितलं व्हतं तुमच्या दादांचं. म्हटलं, पाव्हण्यांसमोर तुम्हाला अवघड वाटायला नको. घरात कुणालाच सांगितलं न्हाई मी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो तिथंच राहिला. म्हणजे मघाशी मी चांगली चालले होते ती हिच्यामुळे. हिला ठाऊक होतं की आपण त्या घडीवरून चालताना झुकू, आणि तरी ती काही न बोलता चालली, दोनदा. बापासमोर, निखिलसमोर. एक शब्द बोलली असती तर सुटली असती, पण मग माझा पाय सगळ्यांसमोर आला असता.

सगळे उठले. बाहेर पडायचं म्हणजे तीच सतरंजी, उलट्या बाजूनं. परतीचा विचार दादांनी केला नव्हता, तसा हिनंही केला नव्हता. तिच्या ते एकदम लक्षात आलं, कारण ती घाईनं पुढं झाली आणि सतरंजीचं टोक उचलायला वाकली. "राहू दे," मी म्हणाले.

मी चालले. दारापर्यंत, सगळ्यांच्या समोर, चार बोटं झुकत. फरशीवरून बाजूनं जाता आलं असतं, पण गेले नाही. मुलीच्या आजीनं हात पुढं केला, तो मी धरला नाही. त्या ओसरीवरच्या "अगं बाई"नंतर माझा पाय इतका कधीच ओढला नव्हता.

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ताई थांबल्या. मग म्हणाल्या, "वैनी, पोरीच्या पायात काहीतरी हाय. बराबर पाह्यलं मी. बोलायला गोड हाय, पण फसवून राह्यले ते लोक. आपण न्हाई म्हणून कळवू."

गप्प बसणं सोपं होतं. नुसतं हूं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि दोन दिवसांत अंबडपासून जालन्यापर्यंत त्या पोरीच्या पायाची बातमी झाली असती. ताई वाईट नाहीत. माझ्या पायावरून त्यांनी मला कधी टोचून बोललेलं नाही. पण त्या कुणापासून काही लपवतही नाहीत.

"ताई, तिचे पाय बिलकुल चांगले आहेत," मी म्हणाले. "सतरंजीखाली बारदाना होता. तो माझ्यासाठी होता." आणि मग मी सगळं सांगितलं. दादांची घडी, वळल्यावर घरंगळलेला कप, पिठाचा डबा. सांगताना कान तापले होते. हे समोर बघून गाडी चालवत होते. मध्येच म्हणाले, "मी... मी सांगितलं नि... निखिलला. गो... गोष्ट चांगली वाटली म्हणून."

ताईंनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळून बसल्या.

"मंग वैनी, तुम्हाला तर माहीत व्हतं, असं चालायला लावल्यावर पोरीला कसं वाटतं. आम्हाला एकवेळ न्हाई कळणार. तुम्हीच कामून लावलं तिला?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाया कापूस वेचत होत्या, कमरेपर्यंत कपाशीत. कोण कशी चालते ते इथून दिसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी अश्विनीला फोन केला. माझं चुकलं, एवढंच म्हणता आलं. ती "असू द्या काकू" म्हणाली, पण हसली नाही. आम्हाला मुलगी पसंत आहे, असं ह्यांनी तिच्या वडिलांना कळवलं. ते म्हणाले, पोरीला विचारून सांगतो. निखिल माझ्याशी कामापुरतं बोलतो. ती विचार करते आहे, एवढंच त्यानं सांगितलं.

करू दे. चालून मी दाखवलं आहे. पसंत करायचं की नाही, ते आता तिनं सांगायचं.